पाण्यातला बाळ येशू

आई,

फादरांनी मला परत विचारलं. तू ज्यांच्याशी भांडलीस ते फादर नव्हेत, ते कधीच बदलून गेले आणि वारलेही. हे नवे आहेत, तरुण, वसईकडचे, मिस्सा संपली की चर्चच्या दारात उभे राहून एकेकाची विचारपूस करणारे. मला म्हणाले, "आंटी, नोव्हेंबरात सगळे आपापल्या मृतांची नावं देतात. तुम्ही आईचं देता, वडलांचं देता. भावाचं कधीच देत नाही. नाताळाआधी त्यांच्या आत्म्यासाठी एक मिस्सा ठेवू या का? तुमच्याही मनाला बरं वाटेल." मी म्हटलं, "बघते, फादर." आपल्याकडे बघते म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यांना नाही कळलं. म्हणाले, "मग रविवारी सांगा."

म्हणून हे लिहायला घेतलं. नाताळच्या सकाळी सिमेटरीत तुझ्या कबरीवर मेणबत्ती लावायला येईन तेव्हा फुलांच्या खाली ठेवून देईन म्हणते. तू गेल्यापासून दादा ना जित्यांत आहे ना मेलेल्यांत. त्याला कुठं घालायचं ते ठरवायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि हे घोंगडं माझ्या गळ्यात टाकून तू सुखानं डोळे मिटलेस, त्याचा जाब मला तुला विचारायचा आहे. जिवंत होतीस तोवर तुला काही विचारायची सोय नव्हती. काही विचारलं की तुझं ठरलेलं उत्तर, "देवाची वेळ वेगळी असते गो." आणि शिलाई मशीन चालू. त्या मशीनच्या आवाजापुढे माझं कधी काही चाललं नाही.

दादा गेला तो नोव्हेंबर सरताना. बाबा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झालेली, घर तुझ्या शिलाईवर आणि दादाच्या बोटीवर चाललेलं. मिरकरवाड्याच्या जेटीवर मी त्याला डबा द्यायला गेले होते, तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी. बोटीत बर्फ भरणं चाललं होतं. त्यानं वरूनच ओरडून सांगितलं, "गाण्याच्या प्रॅक्टिसला माझी जागा राखून ठेव गो, नाताळाला मी आहेच!" नाताळच्या गाण्यांत सगळ्यात खालचा सूर त्याचा असायचा, तो नसला की बाकीचे हवेत तरंगायचे. मी म्हटलं, "तुझी जागा कोण घेतोय मेल्या, तुझ्यासारखा घोगरा आणखी कुणाचा आहे?" एवढंच. ह्याच्यापलीकडे काही बोलणं झालं नाही. लोकांना वाटतं अशा वेळी माणसाला आतून काहीतरी कळतं. कसलं काय. मी येताना कोपऱ्यावर थांबून सोडा प्याले आणि घरी आले.

मग बंदरावर वादळाचा बावटा लागला, वारा सुटला, आणि बाहेर असलेल्या बोटी मिळेल त्या खाडीत शिरल्या. दाभोळच्या खाडीत थांबलेल्या बोटी वारा पडल्यावर एकेक करून परत आल्या. त्या वेळी कुणाकडे मोबाईल होते? बोट दिसली की बायका पाण्यात उतरून ओरडून विचारायच्या. दादाची बोट आली नाही. नंतर एका बोटवाल्याला खोल दर्यात त्यांच्या बोटीच्या हिरव्या रंगाची फळी मिळाली आणि मासळीची एक पेटी. शोध झाला, नौदलवाले आले, गेले. मग हळूहळू ज्यानं त्यानं आपापल्या घरात काय ते समजून घेतलं. बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या घरच्यांनी दर्भाचा पुतळा केला आणि त्याला अग्नी दिला. बोटीवरच्या दोघा मुसलमान पोरांसाठी त्यांच्या मोहल्ल्यात मयताशिवायच, गायबाना जनाज्याची नमाज झाली. फादर आपल्या घरी आले आणि म्हणाले की शवपेटीशिवायही मिस्सा होते, चर्चची त्याला परवानगी आहे. तू त्यांना चहा दिलास, कप खाली ठेवेपर्यंत थांबलीस आणि म्हणालीस, "फादर, सगळ्यांनी आपापली माणसं मारली. मी माझं मारणार नाही. देवावर माझा भरवसा आहे."

तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता. खोटं कशाला सांगू? मी दाराच्या आड उभी होते आणि मला वाटलं, आपल्या आईसारखी बाई ह्या गावात नाही. तो अभिमान पुढे मला फार महागात पडला.

त्या वर्षी तू सगळं नेहमीसारखं केलंस. करवंट्यांत नाचणी पेरलीस, ती तरारून आली, तिचं शेत नाताळच्या गोठ्यापुढे मांडलंस. अंगणातले जांभ्याचे तुकडे आणून डोंगर केलास. मरिया, योसेफ, मेंढरं, नाकाचा तुकडा उडालेला तो उंट (बाबा त्याला हत्तीच म्हणायचे, नाक लांब करून बनवलं होतं ना कुणीतरी), सगळे आपापल्या जागी. गव्हाण तेवढी रिकामी, कारण बाळ नाताळलाच ठेवायचा. करंज्या लाटताना तू मला दोनदा म्हणालीस, "त्याला खोबऱ्याच्या आवडतात, जास्ती कर." मी जास्ती केल्या.

आणि शेजारच्या काकू आल्या. बिचाऱ्या तुझं सांत्वन करायलाच आल्या होत्या. त्यांच्या दिवाळीचा फराळ आपल्याकडे आणि आपल्या नाताळचा त्यांच्याकडे, हा शिरस्ता तुम्ही दोघी नव्या नवऱ्या होतात तेव्हापासूनचा. पाटावर बसून गोठ्याकडे बघत म्हणाल्या, "अगो, आमच्यात असं माणूस अडकलं ना, की देव पाण्यात घालतात. सुटका होईपर्यंत काढायचा नाही. नाकातोंडात पाणी गेलं की देवालापण घाई होते." बोलून चालून बाईमाणसांचं बोलणं. करंजी खाल्ली आणि घरी गेल्या. तू मशीनवरची फ्रॉकची बाही तशीच सोडलीस. कपाटातून बाळ येशू काढलास, कापसातला, बाबांनी मुंबईहून आणलेला, गुलाबी गालांचा. स्टीलच्या मोठ्या डब्यात विहिरीचं पाणी घेतलंस आणि त्याला त्यात ठेवलास. पालथा नाही, उताणा, डोळे वर. मी म्हटलं, "आई, हे काय करतेस? आपल्यात असं नाही करत." तू म्हणालीस, "आपल्यात पोर दर्यात टाकून मिस्सापण नाही वाचत." आणि थोड्या वेळानं, "गोडं पाणी घातलंय. तिकडे त्याला गोडं कुठलं मिळणार."

त्या वर्षी गव्हाण रिकामीच राहिली. नाताळ झाला, नवं वर्ष झालं, सहा जानेवारीचे तीन राजे पण येऊन गेले, येऊन त्यांना बघायला काय, तर पेंढा. तू रोज सकाळी पाणी बदलायचीस. प्लास्टरचा देव तो, किती दिवस टिकणार? आधी गालांचा रंग पाण्यात आला. मग केस. मग डोळे गेले. उपवासकाळ सुरू होईपर्यंत तो नुसता पांढरा गोळा झाला होता, हातापायांचा. मी एकदा हसले. हसू आलं, मी काय करू? एवढा मोठा देव आणि आमच्या घरात शेंगदाण्यासारखा भिजत पडलेला. तू हसली नाहीस. म्हणालीस, "तोंड गेलं तरी कान आहेत त्याला."

कुणीतरी चहाडी केलीच. फादर आले ते ह्या खेपेला रागावूनच आले. "बाई, ही अंधश्रद्धा आहे. देवाला वेठीला धरता? हे पाप आहे." आपल्या घरात फादरांना उलटून बोलायची पद्धत नव्हती, बाबा तर त्यांच्यापुढे खुर्चीवर बसायचे नाहीत. तू उभी होतीस, गळ्यात मोजपट्टी, दातांत टाचणी. ती काढून चोळीला टोचलीस आणि म्हणालीस, "फादर, तुम्ही दर वर्षी त्याला क्रुसावर चढवता. मी पाण्यात ठेवलाय. माझापण पाण्यातच आहे. त्याची आई असती तर तिला कळलं असतं." फादरांनी डब्याकडे बघितलं, क्रुसाची खूण केली आणि निघून गेले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. सबंध गावात ह्या बोलण्याची तारीफ झाली. अजून म्हाताऱ्या बायका मला सांगतात, तुझी आई म्हणजे आई होती हो. सांगणाऱ्यांचं काय जातं? त्यांना ते पाणी बघत जेवायला बसायचं नव्हतं.

मला चर्चमधल्या कॅटेकिझमच्या, धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलं होतं की भरवसा ठेवायचा म्हणजे देवाच्या हातात सोडून द्यायचं. तू काय सोडलंस आई? तू काहीच सोडलं नाहीस. तू त्याच्या उरावर बसलीस आणि त्याला नाव दिलंस भरवसा. आणि एकटी बसलीस असतीस तरी मी म्हटलं असतं, बस बाई. पण तू मलाही शेजारी बसवलंस. माझं बी.कॉम. झालं तेव्हा शहरात मला चांगली नोकरी मिळत होती, पंख्याखालची. तू परस्पर बर्फाच्या कारखान्याच्या शेठला भेटून आलीस. मला म्हणालीस, "बंदरावर बस. बर्फ नेल्याशिवाय बोट निघत नाही आणि आली बोट की तिथूनच दिसते. तो आला की तुला आधी कळेल." झालं. सगळं आयुष्य मी त्या खिडकीत बसून काढलं. किती लाद्या कुठल्या बोटीला, कोण निघाला, कोण आला. अंगाला मासळीचा वास आणि पायाला बर्फाचं पाणी. सुरवातीला प्रत्येक हिरव्या बोटीला मी पेन टाकून उठायचे. मग एक दिवस लक्षात आलं की हिरवी बोट आली आणि आपण हिशेब करतच राहिलो. त्या दिवशी घरी आले आणि तू विचारलंस, "काय दिसलं?" मी म्हटलं, "काय दिसायचंय? पापलेट दिसली." तू मला जेवायला वाढलंस आणि रात्रीच्या जपमाळेत माझ्यासाठी वेगळी एक प्रार्थना म्हटलीस, ह्या पोरीला विश्वास दे म्हणून. माझ्यासमोर. मोठ्यानं.

आता त्याचं बोलते. नाव नाही घेत, त्याची नातवंडं आहेत आता. दादाचा दोस्त, गाण्यांत दादाच्या शेजारी गिटार घेऊन उभा राहणारा, टेलिफोन खात्यातला. दादा असतानाच आमचं ठरल्यासारखं होतं आणि दादाला ते पसंत होतं. दादा गेल्यावर पहिलं वर्ष त्यानं तोंड उघडलं नाही. दुसऱ्या वर्षी त्याची आई विचारायला आली. तू तिला बसवलंस, आनंदानं बसवलंस, म्हणालीस, "माझी ना नाहीच. पण बाप नसलेल्या पोरीला चर्चात अल्तारापर्यंत न्यायचं ते भावानं. तो आला की लगेच." ती म्हणाली, "मामा आहे ना सावंतवाडीला." तू म्हणालीस, "भाऊ असताना मामा कशाला?" असताना! त्या बाईनं माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. नाताळाआधीच्या आगमनकाळात आपल्यात लग्न लागत नाही, मग नाताळ होऊ दे. नाताळला दादा आला नाही, मग नाताळचे दिवस संपेपर्यंत उपवासकाळ, त्यातही लागत नाही. मग ईस्टर. मग बोटी बंद, पाऊस. मग परत, ह्या नाताळला येईलच बघ. प्रत्येक सण तू एका बोटीसारखा वापरलास, हा नाही तर पुढचा.

माझा गाऊन मात्र तू शिवलास. पांढरं सॅटीन, गळ्याला मोती, इतका सुबक की तुझ्या हातून तसा दुसरा झाला नाही. मी घालून आरशापुढे उभी राहिले तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला वाटलं, आता ही विरघळली. तू गुडघ्यांवर बसून खालची कड बघितलीस आणि म्हणालीस, "दुमड घालत नाही आत्ता. तो आला की आदल्या दिवशी घालीन." मी तशीच उभी राहिले, खालून दोरे लोंबताहेत. आई, मला तेव्हा तुझा गळा दाबावासा वाटला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तिसऱ्या वर्षी दादाचा तो दोस्त कारखान्यावर आला. लाद्या फोडायचं यंत्र चालू होतं, ओरडून बोलावं लागत होतं, सगळे कामगार ऐकत होते. म्हणाला, "तू नुसतं हो म्हण, आपण मुंबईला जाऊन लग्न करू. आईला मागाहून सांगू." मी म्हटलं, "तिला एकटीला टाकून?" तो म्हणाला, "तुझ्या आईच्या विश्वासानं डोंगर हलतील गो. पण तुला उंबऱ्याबाहेर हलू देत नाही." मी लाद्यांचा हिशेब लिहीत राहिले आणि त्यानंही परत विचारलं नाही. पुढच्या जानेवारीत त्याचं लग्न झालं, ह्याच चर्चमध्ये, आणि नवरीचा गाऊन शिवायला तुझ्याकडेच आला. तू शिवलास. कड दुमडून, इस्त्री करून दिलास. मला म्हणालीस, "धंद्यात आप-पर नाही करता येत." माझ्या गाऊनचे पुढे तू दोन गरीब पोरींना पहिल्या कम्युनियनचे फ्रॉक करून दिलेस. देवाच्या कामाला लागला, म्हणालीस. मिरवणुकीत त्या दोघी माझ्या सॅटीनमध्ये मेणबत्त्या घेऊन चालल्या होत्या आणि सगळे म्हणत होते, काय सुंदर फ्रॉक आहेत.

त्या मिरवणुकीच्या दिवशी घरी आल्यावर मी बोलले. मी म्हटलं, "दादा मेलाय. ऐकतेस का? मेलाय तो. मासे खाऊन मोकळे झाले." तुझ्या हातात कापड मोजायचा लाकडी गज होता, तोच मारलास, खांद्यावर. पहिल्यांदाच मारलंस मला, तीसच्या घरातल्या पोरीला. मग गज ठेवलास, चुलीकडे गेलीस, भात टाकलास. थोड्या वेळानं हळद गरम करून आणलीस आणि माझ्या खांद्याला लावायला लागलीस. लावता लावता म्हणालीस, "तू म्हण काय ते. मी म्हणाले तर तो खरंच मरेल." ह्याचा अर्थ काय, आई? ह्याला काय विश्वास म्हणतात? मला वाटलं होतं तू खात्रीनं बसली आहेस. त्या दिवशी मला कळलं की तुलाही माहीत होतं. आणि माहीत असून तू माझी सगळी वर्षं त्या डब्यात भिजत घातलीस. हे मला आजवर पचलेलं नाही. तुझी खात्री असती तर मी तुला केव्हाच माफ केलं असतं, वेडी होती म्हणून सोडून दिलं असतं.

त्यानंतर आपण दोघी गुण्यागोविंदानं राहिलो असं सगळ्यांना वाटलं. राहिलोच की. न बोलता राहायला काय लागतं? तू म्हातारी झालीस, सुईत दोरा जाईना, तो मी ओवून देऊन कामाला जायचे. तुझे हात कापायला लागले तेव्हा सकाळचं पाणी बदलणं माझ्याकडे आलं. डबा एके दिवशी माझ्या बाजूला सरकवलेला होता. मी बदलायचे. मनात शिव्या द्यायचे आणि बदलायचे. सिव्हिलमध्ये शेवटच्या दिवसांत तुला माणसं ओळखू येत नव्हती, मला तू शेजारच्या काकूच समजत होतीस, पण सकाळ झाली की विचारायचीस, "पाणी बदललंत का?" मी म्हणायचे, "बदललं हो." आणि खरंच बदललेलं असायचं. ते करून, रिक्षा करून मी तुझ्याकडे यायचे. तुझं दफन झालं त्या संध्याकाळी त्याला डब्यातून बाहेर काढला, टॉवेलनं पुसला आणि मशीनच्या खणात ठेवला. माझा देव पाण्यात नाही. माझा देवच नाही म्हटलंस तरी चालेल. रविवारी मिस्सेला जाते ती न गेले तर लोक घरी येऊन विचारतील म्हणून.

इथवर लिहून झालं आणि रविवार आला. मी ठरवून गेले होते. साडी नेसताना मोठ्यानं म्हणून बघितलं, माझ्या भावाच्या आत्म्यासाठी. दोनदा म्हटलं, नीट जमलं. मिस्सेनंतर फादर खोलीत बसून नावं घेत होते. एकीकडे मृतांसाठीची आणि एकीकडे त्या दुसऱ्या मिस्सेची. ती तुला माहीतच आहे, आगमनकाळाच्या शेवटच्या रविवारची, नाताळाला घरी येऊ न शकणाऱ्यांसाठी. तू होतीस तोवर तिथं दादाचं नाव द्यायचीस आणि तेव्हाचे फादर मान खाली घालून ते पुटपुटल्यासारखं वाचायचे. तू गेल्यावर ते कुणी दिलं नाही. मी तरी देणार नव्हतेच. माझ्या पुढे एक बाई होती, तिची सून कुवेतला नर्स आहे. तिच्या पुढच्या म्हाताऱ्याचा मुलगा जहाजावर. मग माझी पाळी आली. फादर हसून म्हणाले, "आलात ना आंटी. भावाचं ना?" मी म्हटलं, "हो." "आत्म्याच्या शांतीसाठी." मी म्हटलं, "नाही. बोटीवर आहे तो."

पेटी वाजवणाऱ्या बाई मागे उभ्या होत्या, त्या उगाच खोकल्या. फादर म्हणाले, "बोटीवर?" मी म्हटलं, "हो, बोटीवर. नाताळाला येणं होत नाही त्याचं. लिहा." त्यांनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा मला वाटलं हे आता समजावणार, आणि समजावायला लागले असते तर मी त्यांना त्यांच्या सात पिढ्या आठवतील असं काहीतरी बोलले असते. पण पोरगा शहाणा आहे. मान खाली घालून लिहून घेतलं आणि म्हणाला, "पुढचे."

घरी येईपर्यंत मी स्वतःवर इतकी चिडले होते की चप्पल दाराबाहेर भिरकावली. हे कुठून आलं माझ्या तोंडात? विश्वास नाही हा, मी तुला सांगते. तो मेलाय हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आताही माहीत आहे, बर्फाच्या लादीसारखं स्वच्छ माहीत आहे. आणि तरी सबंध आठवडा मी जाऊन नाव बदलून आले नाही. फोन केला असता तरी झालं असतं. केला नाही. तू मला दुसरं काही दिलं नाहीस, आई, हे दिलंस. नवरा नाही, पोरं नाहीत, ही एक खोड दिलीस, आणि ती रक्तात कधी उतरली ते मला कळलंच नाही. तू मुद्दाम केलंस का हे? एवढं खरं सांग. पण तू काय सांगणार म्हणा, देवाची वेळ वेगळी असते.

हे पत्र तुझ्यापर्यंत यायचं नाही. सिमेटरीत येईन, मेणबत्ती लावीन, फुलं ठेवीन, पण हे घरीच राहील, कारण पुढचं जे आहे ते वाचून तुला जो आनंद होईल तो मी तुला देणार नाही. आज तो शेवटचा रविवार होता. फादरांनी नावं वाचली, स्पष्ट, मोठ्यानं, कुवेतवाले, दुबईवाले, जहाजावरचे, आणि त्यांच्यात दादाचं, पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट. इतक्या वर्षांनी ते कुणाच्या तरी तोंडून ऐकलं. आणि सगळे पुढे अल्ताराकडे बघत असताना मी वळून दाराकडे बघितलं.